बटणाएवढं अंतर

३ मार्च

तिरके,

अक्षर ओळखून लिफाफा तसाच बाजूला ठेवला नसशील, तर आधी एवढं वाच. तुझा दादा सतरा दिवस दवाखान्यात आहे. शुद्धीवर आहे, बोलतो आहे. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा उसवलाय हे त्याने पहिल्याच दिवशी नर्सबाईंना दाखवलं, सुईदोरा मागून घेतला आणि शिवूनही दिला. पण ताप जात नाही.

पत्ता त्याच्याच पाकिटातून घेतला, त्याला न विचारता. तू दर वाढदिवसाला दोन ओळींचं कार्ड पाठवतेस, त्याच्या लिफाफ्यावरचा तुझा पत्ता तो कात्रीने नीट कापून ठेवतो. कार्डाला उत्तर मात्र देत नाही. का देत नाही विचारलं की म्हणतो, "ती गेली. मी इथेच आहे." अठरा वर्षांत याच्यापुढे एक शब्द नाही.

डाव्या मूत्रपिंडात खडा होता. तो काढला, नळी ठेवली, आणि नळीच्या वाटेने जंतू आत शिरला. आता तिथे पू आहे. उजवं मूत्रपिंड त्याचं पहिल्यापासून नावालाच, हे तुला माहीतच आहे. म्हणजे जे काही आहे ते या एकट्या डाव्यावर.

काल रिपोर्ट आला. आपल्या त्याच लॅबमधून आला, पण आता जंतू उगवलेली प्लेट कोणी हातात घेत नाही. यंत्र वाचतं आणि यंत्रच छापतं. अठरा औषधांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे एकच अक्षर, आर. रेझिस्टंट. मी चाळीस वर्षं ते अक्षर लोकांच्या नावापुढे लिहिलं. माझ्या घरातलं नाव वर असलेला कागद हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो कागद केवढा मोठा असतो.

दादा म्हणाला, अठरापैकी अठरा, म्हणजे आपला जंतू वर्गात पहिला आला. त्याला अजून विनोद सुचतात, यावर मी सध्या दिवस काढते आहे.

रिपोर्ट घेऊन जिना उतरताना मागच्या खोलीत डोकावले. तुझं लंगडं स्टूल अजून तिथेच आहे, पायाखाली तीच कागदाची घडी. जंतू वाढवायचा मीडिया, तो रस्सा, शिजल्याचा वास मात्र आता येत नाही, सगळं तयार पाकिटांतून येतं. तू त्या वासाला नाक मुरडायचीस आणि मी म्हणायचे की रस्सा जरा जास्त आटलाय. सकाळी दहाला उन्हं पूर्वेच्या खिडकीत यायची, आपण दोघी प्लेटा उचलून काचेशी धरायचो. औषधाने भिजलेल्या कागदाच्या त्या छोट्या डिस्कभोवती जंतू न उगवलेला स्वच्छ गोल दिसला की तू म्हणायचीस, "हा वाचला." रुग्णाचं तोंड पाहिलेलं नसायचं, पण तुला आनंद मात्र घरचं माणूस वाचल्यासारखा. मी लगेच पट्टी लावून गोल मोजायचे आणि म्हणायचे, आकडा सांग, वाचला काय वाचला. म्हणून मी पट्टी आणि तुझ्या डिस्क कधी सरळ पडायच्या नाहीत म्हणून तू तिरकी. नावं ठेवणारा तोच साहेब, ज्याचा सेंट्रिफ्यूज बंद पडला म्हणून तू दादाला त्याच्या शिवणयंत्र-दुरुस्तीच्या दुकानातून पट्टा घेऊन बोलावलंस. सरकारी यंत्र दोन वर्षं शिवणयंत्राच्या पट्ट्यावर फिरलं, आणि मी तुझी वहिनी झाले.

तुझी बदली नमुने घेण्याच्या खिडकीवर झाली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. तुलाही ते माहीत असेल. जुनं उकरायला हे पत्र लिहिलेलं नाही. कळवणं माझं काम होतं, कळवलं.

तुझी
वहिनी


८ मार्च

तिरके,

उत्तर यायला अजून वेळ आहे हे मला समजतं. तरी लिहिते. दुपारी त्याला डोळा लागतो आणि खाटेशेजारच्या खुर्चीत मला दुसरं काही करता येत नाही.

जंतूंच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वयाने आपल्या मुलीसारख्या, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, दोन वाटा आहेत. एक जुनं, कडक औषध, कोलिस्टिन. जंतू मरेलही, पण ते मूत्रपिंडाला सोसत नाही, आणि दादाकडे सोसायला एकच आहे. दुसरी वाट म्हणजे दोन औषधं एकत्र. दोन्ही रिपोर्टात आर आहेत.

दादा म्हणाला, "दोन नापास मुलांना एका बाकावर बसवलं की ती पास होतात का?"

मग मी त्याला समजावलं. त्याच्याच भाषेत. म्हटलं, या जंतूकडे दोन कात्र्या आहेत. पहिलं औषध मोठ्या कात्रीला कापता येत नाही, पण छोटी कात्री त्याचे तुकडे करते. दुसऱ्या औषधात छोट्या कात्रीची धार घालवणारा एक पदार्थ आहे. ते स्वतः मोठ्या कात्रीखाली सापडून मरतं, पण मरण्याआधी छोटी बोथट करून जातं. मग पहिल्याला रान मोकळं. दादा म्हणाला की धार घालवणं सगळ्यात सोपं काम, गिऱ्हाईकं ते घरच्या घरी करून आणतात.

पण प्रत्येक जंतूच्या बाबतीत हे जमतंच असं नाही, आधी बघावं लागतं. आणि बघायचं कसं, ते बाईंनी सांगितलं. दोन डिस्क एका प्लेटवर, नेहमीपेक्षा जवळ ठेवायच्या, आणि दोघींच्या मधल्या जागेत जंतू उगवतो का ते पाहायचं. यंत्राला हे येत नाही. हाताने करावं लागतं. बाईंना हे पुस्तकातून माहीत आहे. मला कुठून माहीत आहे ते तुला सांगायला नको.

आठवतं? तुझ्या चिमट्यातून डिस्क निसटून भलतीकडे पडली होती. मी म्हटलं, प्लेट फेक, नवी कर. तू फेकली नाहीस. दुसऱ्या दिवशी उन्हात धरलीस तर दोन्ही डिस्कना जंतू खेटून उगवलेला आणि दोघींच्या मध्ये बोटाच्या टोकाएवढी स्वच्छ जागा. तू मला हाक मारलीस ती नुसती "अगं" म्हणून. नंतर तू ते मुद्दाम करायला लागलीस, ज्यांच्या रिपोर्टात काहीच चालत नाही अशांच्या प्लेटांवर, आपलं काम संपल्यावर, स्वतःच्या वहीत नोंदी ठेवून. मी चहा करायचे आणि म्हणायचे, तिरके, घरी चल, दादा वाट बघत असेल. ते दिवस चांगले होते. मला ते कधी तुला सांगता आलं नाही.

लॅबचा प्रमुख आता आपला चष्मेवाला आहे. आपल्या हाताखाली शिकला, त्यामुळे मला नाही म्हणाला नाही. त्याने हातात चिमटा दिला. परवा प्लेट लावली, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. काल बाईंनी पाहिली. मध्ये काही नव्हतं. काठापासून काठापर्यंत जंतू.

उद्यापासून कोलिस्टिन सुरू.

त्या पाव भाजणाऱ्या बाई अधूनमधून आठवतात. नऊ नंबर वॉर्डातल्या, हात भाजलेल्या, ज्यांची प्लेट तुझी इथली शेवटची ठरली. त्यांचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

वहिनी


१३ मार्च

तिरके,

आज मी नीट लिहिणार आहे. मागची दोन पत्रं फाडून टाकलीस तरी चालेल.

रक्तातलं क्रिएटिनिन दीडवरून साडेतीनवर गेलं, म्हणजे मूत्रपिंड थकत चाललंय. पाय सुजले आहेत. ताप थोडा उतरला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच वेगाने चाललं तर आठवड्याभरात डायलिसिस लावावं लागेल आणि औषध थांबवावं लागेल. थांबवलं तर जंतू मोकळा. दादाने आज एकही विनोद केला नाही. मला म्हणाला, "तिचा पत्ता माझ्या पाकिटात आहे. काही झालं तर कळव." मी मान हलवली. मी तुला आधीच लिहिलंय हेही मला त्याला सांगता आलं नाही.

आता प्लेटचं. बाईंनी डिस्कच्या मध्यापासून मध्यापर्यंत वीस मिलिमीटर सांगितलं होतं. मला विचारलं, वीसवर ठेवल्या ना. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्लेट टाकून द्यायच्या आधी सवयीने पट्टी लावली. चोवीस. आपल्या नियमाचं अंतर. माझ्या बोटांनी चाळीस वर्षं तेवढंच ठेवलं, नवऱ्याचा जीव टांगणीला लागला तरी बोटांनी नियम सोडला नाही. आणि मी न मोजता हो म्हणाले, कारण मी पट्टी आहे, माझं अंतर चुकत नाही. बाईंना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चष्मेवाल्याने स्वतः वीसवर लावली. आज मध्ये काहीतरी दिसतंय, पुसट, पाण्याचा डाग वाळल्यासारखं. बाई म्हणतात, यावर मी त्यांच्या जिवाशी खेळणार नाही. जंतू जोरदार आहे, डिस्क आणखी जवळ हव्यात. पण किती जवळ? फार जवळ ठेवल्या की काहीही स्वच्छ दिसतं आणि माणूस फसतो. हे तूच म्हणायचीस. तू चाळीसेक प्लेटा लावून तुझं एक अंतर ठरवलं होतंस. ते तुझ्या वहीत होतं.

वही कुठे गेली ते तुला माहीत आहे. ती मी तुझ्या बदलीच्या मेमोला जोडली.

हो, मेमो माझा होता. साहेबांचा नव्हता. तपासणी यायची होती, मी नवी विभागप्रमुख होते, आणि तुझ्या तिरक्या प्लेटा इनक्युबेटरच्या खालच्या फळीवर सापडल्या. त्यावर तू नऊ नंबरच्या डॉक्टरांना तोंडी सांगून आली होतीस की पाववाल्या बाईंना दोन औषधं एकदम देऊन बघा. मी लिहिलं, कामात शिस्त नाही, अहवालाबाहेर सल्ला देते. तीन परिच्छेद लिहिले, एकही शब्द खोडावा लागला नाही. तपासणीची भीती खरी होती. पण तेवढंच नव्हतं. वॉर्डातले डॉक्टर लॅबमध्ये आले की मला ओलांडून तुझ्या स्टूलाकडे जायचे. ते मला सोसलं नाही.

पाववाल्या बाईंची प्लेट मी पाहिली होती. मध्ये स्वच्छ होतं. मी ती नष्ट करायला ऑटोक्लेव्हमध्ये टाकली आणि रिपोर्टवर आर लिहून पाठवला. आणि मी विचारलं नाही म्हणाले ना, ते खोटं. मी विचारलं होतं. त्यांचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. कदाचित तसाही काढावा लागला असता. हे कदाचित मी अठरा वर्षं उशाशी घेऊन झोपते आहे.

तू खिडकीवर दोन महिने बसलीस आणि निघून गेलीस. दादाला मी सांगितलं की तुला लांबून चांगलं बोलावणं आलं, म्हणून गेलीस. त्याला वाटलं, बहिणीने घर सोडताना भावाला विचारलंही नाही. तू खरं सांगू शकली असतीस. एका कार्डात मावलं असतं. माझा संसार राहावा म्हणून तू तोंडाला कुलूप लावलंस, आणि त्या कुलपाआड मी आरामात राहिले.

माझ्यासाठी काही मागत नाही. अंतर सांग.

पट्टी


१९ मार्च

तिरके,

तुझा लिफाफा काल आला. हाताला जाड लागला. उघडला तर कागदाच्या पुडीत एक तपकिरी बटण आणि त्यावर तुझ्या पेन्सिलच्या दोन ओळी. "दोन डिस्कच्या काठांमध्ये हे जेमतेम बसलं पाहिजे. बटण कुणाचं ते दादाला विचार."

पांढऱ्या कोटाला तपकिरी बटण लावून आलीस म्हणून मी तुला सबंध लॅबसमोर बोलले होते. तू म्हणाली होतीस, कोटाला बटण असल्याशी कारण. त्या बटणाने तू अंतर मोजत होतीस, कोट न काढता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. मी पट्टी शोधत बसायचे आणि तू प्लेटवर वाकायचीस, एवढंच मला दिसायचं.

बटण आधी लॅबमध्ये नेलं. चष्मेवाल्याने काचेवर ठेवून मोजलं, अकरा मिलिमीटर, म्हणजे डिस्कच्या मध्यापासून मध्यापर्यंत सतरा. प्लेट त्यानेच लावली. मी चिमट्याला हात लावला नाही.

मग वॉर्डात गेले. तू दिलेलं काम बाकी होतं. बटण दादाच्या तळहातावर ठेवलं. त्याने चष्मा मागितला, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाला, "हे माझ्या डब्यातलं. जुन्या सदऱ्याचं. हिचं तुटलं होतं तेव्हा दिलं होतं मी. तुझ्याकडे कसं?"

मग मी सांगितलं. मेमो, वही, प्लेट, पाववाल्या बाईंचा हात, बोलावण्याची थाप. खालच्या आवाजात सांगितलं, कारण शेजारच्या खाटेवर माणूस होता, आणि मध्ये कुठे थांबले नाही. बोलून झालं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"म्हणजे ती मला सोडून गेली नव्हती," तो म्हणाला.

एवढंच. मग भिंतीकडे वळला, सुजलेल्या पायांनी, कण्हत. मी हात पुढे केला तो त्याने घेतला नाही. बटण मात्र मुठीत धरलं.

आज सकाळी दहाला चष्मेवाल्याने मला लॅबमध्ये बोलावलं. प्लेट त्याने पूर्वेच्या खिडकीशी धरली होती. दोन डिस्क, दोघींना जंतू खेटलेला, आणि मधोमध स्वच्छ. पुसट नाही, अंदाज नाही. पलीकडचा रस्ता दिसत होता त्यातून. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी प्लेट दोनदा फिरवून पाहिली, मग बटणही पाहिलं. कुणाचं म्हणून विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. त्यांनी ते लिहून घेतलं.

कोलिस्टिन बंद. दोन्ही औषधं आज दुपारी एकाच वेळी सुरू केली. मी खुर्चीत आहे. तो बोलत नाही. थेंब मोजते आहे, ही सवय काही जायची नाही.

तिरके, अठरा वर्षांनी मी खिडकीशी उभी राहून तुझे शब्द म्हणाले, आकडा न सांगता. म्हटलं, हा वाचला. अजून तसं म्हणायची वेळ नव्हती, मला माहीत आहे.

पट्टी


२० एप्रिल

तिरके,

दादा घरी आला. मधे महिना गेला, मुद्दामच लिहिलं नाही. आकडा हातात आल्याशिवाय तुला काही कळवायचं नाही असं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी ताप गेला तो परत आला नाही. पू काढला. काल मूत्र तपासलं, जंतू नाही. क्रिएटिनिन दोनवर आलंय, बाई म्हणतात याहून खाली येईलसं वाटत नाही, पण दोनवर माणूस पुष्कळ वर्षं जगतो. मीठ कमी. यावरून रोज कटकट होते.

दवाखान्यात तो माझ्याशी नऊ दिवस बोलला नाही. पाणी दे, उशी सरक, एवढंच. मी मोजले म्हणून सांगते. दहाव्या दिवशी त्याने विचारलं, "ती प्लेट तू पाहिलीस, तेव्हा तुला काय वाटलं?" मी म्हटलं, वाटलं की ती बरोबर आहे. तो म्हणाला, "मग तर जास्तच वाईट." आणि ते खरंच आहे. घरी आल्यापासून बोलतो. पूर्वीसारखं नाही. माझ्याकडे बघताना मध्येच थांबतो, जुन्या यंत्राचा आवाज बदलला की थांबतो तसा. मी त्याला घाई करत नाही.

पाववाल्या बाईंची भट्टी अजून चालते. मी परवा गेले होते. त्या डाव्या हाताने पाव बांधून देतात, दोरीचं एक टोक दातात धरून, इतक्या झपाट्याने की बघत राहावं. माझी पाळी आली तेव्हा मी पाव घेतला आणि बाहेर आले. मग कोपऱ्यावरून परत गेले आणि माझं नाव सांगितलं, मी कोण होते ते सांगितलं. त्यांनी ऐकलं. मागे आणखी चौघं उभी होती. त्या म्हणाल्या, "दुपारी या, गिऱ्हाईक नसताना. हे असं उभ्याउभ्या ऐकायचं नाही मला." उद्या दुपारी जाणार आहे.

तुझी वही जुन्या फायलींत सापडली. मेमोला टाचलेलीच होती. चष्मेवाल्याने मेमो सुटा करून मला दिला आणि वही लॅबच्या टेबलावर ठेवली. नवीन मुली त्यातून बघून प्लेटा लावतात. अक्षर लागत नाही म्हणून तक्रार करतात.

आता दादाचं. तो स्वतः लिहायला बसला होता. तीन कागद खराब केले, "ताई" लिहायचा आणि थांबायचा. धाकट्या बहिणीला तो ताई म्हणतो हे मी विसरूनच गेले होते, इतक्या वर्षांत घरात तो शब्द निघाला नव्हता. शेवटी मला म्हणाला, तू लिही, तुला लांबलचक जमतं. मी विचारलं, बटण परत पाठवू का लिफाफ्यातून? त्याने ते मुठीतून काढलं, खिडकीशी धरून एकदा पाहिलं आणि आपल्या बटणांच्या डब्यात टाकून डबा खळखळून हलवला.

त्याचा निरोप त्याच्याच शब्दांत देते. "तिला म्हणावं, डब्यात हजारेक बटणं आहेत, त्यांत तपकिरी निम्मी. शोधायला दिवस लागतील, रजा जरा मोठी घेऊन ये. आणि पट्टीला मदतीला घ्यायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं."

डबा मी पुसून टेबलावर ठेवला आहे. झाकण उघडलेलं नाही.

पट्टी